मालाची वही आणि दोन कुलपं

बचत गटाची पंचसूत्री आपल्याला झोपेतून उठवून विचारली तरी पाठ असते. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी. पैशाच्या नोंदी आपण चोख ठेवतो. पेटीला कुलूप असतं, बँकेतून पैसे काढायला सह्या लागतात. पण त्याच पैशाची मिरची आणून मसाला केला, की तो कुणाच्या तरी माजघरात पडून राहतो. किती आहे विचारलं तर उत्तर येतं, "असतील की दोन डबे!"

समन्वयक म्हणून मी गावोगावच्या गटांत जाते. माल कमी भरला म्हणून मोडलेला गट मी पाहिला नाही, संशयानं मोडायला आलेला पाहिलाय. एका गटानं 40 किलो मिरची आणली आणि डंकावरून तिखट आलं 35 किलो. जिच्या घरी काम झालं, तिच्याकडे सगळ्या बघायला लागल्या. तोंडानं कुणी काही बोललं नाही, पण ती बाई पुढच्या बैठकीला आलीच नाही. खरं म्हणजे मिरची देठासकट तोललेली होती, आणि वर ओलसर. देठ खुडले, तीन उन्हं दिली, थोडं डंकाला चिकटलं. पुढच्या खेपेला त्यांनी मिरची आणल्यावर, देठ काढल्यावर, वाळल्यावर आणि कांडून आल्यावर असं चारदा वजन केलं. घट जवळपास तेवढीच निघाली. मग चौघी जणी तिच्या घरी गेल्या आणि तिला घेऊन आल्या.

तुमची घट वेगळी असेल. तुमच्या मिरचीवर, तुमच्या डंकावर मोजा. आणि तिखटाचा भाव ठरवताना खर्च हाती आलेल्या 35 किलोवर वाटा. 40 वर वाटलात तर पाच किलो फुकट गेलं म्हणून समजा.

आता वही. शंभर पानी साधी वही पुरते. तारीख, आधीची शिल्लक, आत आलं, बाहेर गेलं, आताची शिल्लक आणि सही, एवढेच रकाने. समजा 120 पुड्या शिल्लक होत्या, 80 नव्या भरल्या आणि 145 गेल्या, तर 55 असायला हव्यात. आठवड्यातून एकदा दोघींनी मिळून हातानं मोजायच्या. 52 निघाल्या तर तीन कुठे गेल्या ते त्याच दिवशी शोधायचं. महिन्यानं कुणाला आठवणार? एक चव बघायला फोडली असेल, एक उंदरानं कुरतडली असेल, एक सासूबाईंनी लेकीच्या पिशवीत घातली असेल. घातली तर घातली, पण वहीत लिहा आणि पैसे भरा. लिहिता येत नसेल तर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारा, मोजणी तशीही होते.

दर पुडीवर भरल्याची तारीख आणि बॅच नंबर हवाच. नवा माल मागे रचा, जुना पुढे. आपण नेमकं उलटं करतो, नवा वर ठेवतो आणि तोच आधी विकतो. मग तळातल्या पापडाला पावसाळ्यात वास येतो. डबे जमिनीवर ठेवू नका. खाली फळी हवी, आणि भिंतीपासून वीतभर अंतर, म्हणजे ओल चढत नाही आणि झाडू फिरतो.

कुलपं दोन लावा. एक किल्ली जिच्या घरी माल आहे तिच्याकडे, दुसरी दुसऱ्या आळीतल्या बाईकडे. "आमचा एकमेकींवर विश्वास आहे," असं मला बऱ्याच जणी सांगतात. असू द्या की! पैशाच्या पेटीला कुलूप लावताना हा विश्वास कुठे आड येतो? आणि उद्या माल कमी भरला, तर ज्या घरात तो ठेवलाय त्या बाईला वही आणि दुसरी किल्ली हीच साक्षीदार असतात. सुगीत दोघींची वेळ जमत नाही, हे मला माहीत आहे. तेवढ्या दिवसांपुरती तिसरी बाई ठरवा, पण बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा.

प्रदर्शनाला माल नेताना दोन प्रतींत यादी करा. एक नेणारीकडे, एक गावात. आल्यावर विकलेला, चवीला दिलेला, फुटलेला आणि परत आलेला माल त्याच यादीवर मांडा, जमलं तर गाडीतून उतरवतानाच. रात्री उशीर झाला म्हणून सकाळवर टाकलं, की पिशव्या घरोघरी जातात. उधार दिलेलं वेगळं लिहा, गिऱ्हाइकाच्या नावानं. दिवाळीचा माल भरायच्या आधी, नवरात्रात एक दिवस काढून सगळा साठा रिकामा करा, फळ्या उन्हात टाका आणि पहिल्यापासून मोजा.