तत्त्वज्ञानाचा ओनामा

तत्त्वज्ञान हा शब्द उच्चारला की संसारी माणूस दोन पावले मागे सरतो. हा विषय एक तर विद्यापीठातील पंडितांचा, नाही तर सेवानिवृत्तीनंतरच्या रिकामपणाचा, अशी त्याची समजूत असते. मग चाळिशी उलटलेल्या गृहस्थाने या शास्त्राचा ओनामा गिरवावा तरी कोठे? या प्रश्नाचे एक उत्तर दिल्लीच्या पहाडगंजात सापडते.

नवी दिल्ली रेल्वे स्थानकासमोरची ही वस्ती मराठी माणसाला नूतन मराठी शाळेमुळे आणि बृहन्महाराष्ट्र भवनामुळे परिचित आहे. तिच्याच कडेला रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. १९४९ पासून १९६२ पर्यंत स्वामी रंगनाथानंद या आश्रमाचे प्रमुख होते. गीतेवर आणि उपनिषदांवर ते जाहीर व्याख्याने देत, आणि संस्कृताचा गंध नसलेली नोकरदार माणसे ती ऐकावयास येत. स्वामीजी स्वतःही कोणा विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. केरळातील त्रिक्कूर येथे १९०८ साली जन्मलेला हा मुलगा १९२६ मध्ये म्हैसूरच्या आश्रमात दाखल झाला, आणि तेथली त्याची पहिली वर्षे स्वयंपाकघरात गेली. ग्रंथांचा अभ्यास झाला तो हातातले काम सांभाळून. प्रौढांना शिकवणारा हा गुरू एका अर्थाने प्रौढ विद्यार्थ्यांच्याच पंगतीतला होता.

दुसरेही एक नाते होते. दिल्लीपूर्वी स्वामीजी कराचीच्या केंद्रात होते. फाळणीनंतर, १९४८ मध्ये, ते केंद्र बंद करावे लागले. इकडे पहाडगंजातही पश्चिम पंजाबातून आलेली कितीतरी कुटुंबे नव्याने चूल मांडीत होती. मागे सोडलेल्या मालमत्तेचे दावे पडताळून पाहण्यासाठी १९५० साली कायदा झाला. अशा दाव्यात अर्जदार एका गावी असे, घर दुसऱ्या देशात राहिलेले असे, आणि मधे आयुष्याची उलथापालथ झालेली असे. तरीही तेव्हा घराचा धनी असलेला माणूस तोच हा, असे धरूनच पुढे जावे लागे.

वेदान्तातील एक प्रसिद्ध उदाहरण नेमके हेच आहे : ‘तोच हा देवदत्त.’ देवदत्ताला पूर्वी एका गावी पाहिले, आज तो दुसऱ्या गावी भेटला. स्थळ बदलले, काळ बदलला, केस पांढरे झाले. तरी पाहणारा बेधडक म्हणतो, तोच हा. मग ‘तेव्हाचा’ आणि ‘आताचा’ ही दोन्ही विशेषणे बाजूला सारल्यावर ‘तोच’ म्हणून जे उरते, ते काय? वेदान्ती म्हणतो, आत्मा. पण बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला उलटा प्रश्न विचारला होता : चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? यांपैकी एकही रथ नसेल, तर ‘रथ’ हे केवळ व्यवहारापुरते नाव ठरते, आणि माणसाचे नावही तसेच. हा संवाद ज्या शाकल नगरीत घडल्याचे सांगतात, ती बहुतेक अभ्यासकांच्या मते आजचे सियालकोट होय. घरदार सोडून निघालेल्या कितीतरी कुटुंबांचे गावही तेच होते.

यांतले खरे कोणते? ज्याचे सर्वस्व गेले आहे, त्याला पहिले उत्तर जवळचे वाटणार. आत्म्याला फाळणी नाही, या विचारात मोठा दिलासा आहे. परंतु दिलासा मिळतो म्हणून एखादे मत पत्करणे निराळे, आणि ते टिकते म्हणून पत्करणे निराळे. दिलाशाची गरज खरी आहे. तिला हसण्याचे कारण नाही. तथापि ‘हे मला हवेसे वाटते, पण ते खरे आहे काय?’ असे जो स्वतःला विचारतो, त्याने ओनामा गिरवला असे समजावे.

हे धैर्य प्रौढाला सोपे नसते. मुलाला अज्ञानाची लाज वाटत नाही. फाइलीवर निर्णय लिहून ती खाली पाठविण्याची सवय जडलेल्या माणसाला वाटते. मात्र एका बाबतीत त्याचे पारडे जड आहे. नीतिशास्त्राचे विवेचन ऐकण्यास तरुण माणूस योग्य नव्हे, कारण त्याच्या पदरी जीवनाचा अनुभव नसतो, असे अॅरिस्टॉटलचे मत होते. कर्तव्यांचा झगडा आणि जिवलगांचा मृत्यू प्रौढाने पाहिलेला असतो. उदाहरणे त्याच्या घरातच असतात. त्यांना फक्त प्रश्नाचे रूप द्यावयाचे असते.

मराठी श्रोत्याला तर श्रवणाची सवय जुनी आहे. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी श्रोत्यांशी बोलतच पुढे सरकते. मात्र कीर्तनात उत्तररंगातल्या कथेची वाट पाहत पूर्वरंग कसाबसा पार पाडणारे श्रोतेही आपल्याकडे थोडे नाहीत. व्याख्यान कितीही रसाळ असले, तरी ते श्रवणापाशी थांबते. शास्त्राने श्रवणानंतर मनन सांगितले आहे, आणि मनन दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. त्यासाठी दहा माणसांची बैठक, एखाद्या ग्रंथाचे एक पान आणि एकच प्रश्न पुरेसा आहे. नियमही एकच : ‘थोरांनी म्हटले आहे’ एवढ्यावर कोणी थांबावयाचे नाही.

आज पहाडगंजजवळच्या मेट्रो स्थानकाला रामकृष्ण आश्रम मार्ग असे नाव आहे. तेथे रोज उतरणाऱ्या एखाद्या गृहस्थाला वीस वर्षांनी जुना मित्र भेटतो आणि म्हणतो, ‘अरे, तू तोच ना?’ गृहस्थ ‘हो’ म्हणतो. ते ‘हो’ कशाच्या आधारावर, एवढे त्याने घरी पोचेपर्यंत मनात घोळवले, तरी पहिला धडा झाला.