अंगठा मोडला की कोयता थांबतो
(ऊसतोडीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मंडळीपुढे झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या सुमारास आपल्या परभणी जिल्ह्यातील जिंतूर, गंगाखेड, पालम या भागांतली कितीतरी घरे कुलूपबंद होतात. माणसे ऊसतोडीला जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती त्या जोडीला. दोघांपैकी एकाचा अंगठा मोडला तर कोयता अर्धा होत नाही, तो थांबतो. उचल मात्र फिटायची राहते.

शास्ते या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात अदोनीबेजेक राजाची हकिकत आहे. जिंकलेल्या राजांचे अंगठे त्याने तोडले होते. अंगठा गेला की मूठ गेली. हाताच्या कामाचा सुमारे ४० टक्के भार अंगठ्यावर असतो, असे डॉक्टर मानतात.

अंगठा मोडतो कसा? बांधावरून घसरून हातावर पडल्याने, बैलाचा कासरा अंगठ्याला गुंडाळलेला असताना बैल उधळल्याने, ट्रॉली जोडताना हात सापडल्याने किंवा मळणी यंत्रात हात गेल्याने. खूप सूज, काळेनिळेपणा, वाकडेपणा, बधिरपणा किंवा चिमटीत काही धरता न येणे ही मोडल्याची लक्षणे आहेत. पण “अंगठा हलतो, म्हणजे मोडला नाही” असे समजू नका. मोडलेला अंगठाही थोडा हलतो. खात्री एक्स-रेनेच होते. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाजवळ दुखत असेल तर पहिल्या एक्स-रेत मोड दिसली नाही तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा दाखवावे.

लगेच काय करावे? अंगठी आणि बांगड्या काढाव्यात, सूज चढल्यावर त्या निघत नाहीत. अंगठा ओढू नये, चोळू नये. पुठ्ठ्याचा किंवा पातळ फळीचा आधार देऊन सैल बांधावे आणि हात छातीपेक्षा उंच ठेवावा. बर्फ कापडात गुंडाळूनच लावावा. जखम असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन स्वच्छ कापड बांधावे, हळद-चुना भरू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गंभीर इजा असेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा.

आपल्या वस्त्यांत हाडवैद्याकडे जाण्याची रीत जुनी आहे. त्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे, त्याची थट्टा करू नये. पण बांबूच्या कामट्या आवळून बांधल्या तर रक्त अडते आणि बोट काळे पडून गमवावेही लागते. म्हणून आधी एक्स-रे, हे प्रेमाने समजावून सांगावे.

हाड जागेवर असेल तर साधारण चार ते सहा आठवडे प्लास्टर पुरते. मोड सांध्यात असेल किंवा हाड सरकले असेल तर तार घालावी लागते. तीन-चार आठवडे उशीर झाला तर हाड वाकडेच जुळू लागते. तंबाखू आणि मिसरी यांनी हाड जुळायला वेळ लागतो. प्लास्टर निघाल्यावर सांगितलेला व्यायाम केला नाही तर अंगठा ताठ राहतो.

टाळता येईल तेवढे टाळावे. कासरा हातात धरावा, अंगठ्याला गुंडाळू नये. यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय अडकलेला पेंढा काढू नये. ट्रॅक्टर हलत असताना ट्रॉलीच्या खिळीला हात लावू नये.

आता आपल्याविषयी. सरकारी रुग्णालयात उपचार मिळतात, तरी मजूर दुसऱ्याच आठवड्यात प्लास्टर कापून फडात उतरतो. त्याला अक्कल नाही म्हणून नव्हे, तर घरात दाणे नाहीत म्हणून. त्याला उपदेशाची नव्हे, सहा आठवड्यांच्या ज्वारीची, परभणीपर्यंतच्या भाड्याची आणि सोबत रांगेत उभे राहणाऱ्या एका माणसाची गरज असते. एवढे प्रत्येक मंडळीला जमण्यासारखे आहे. आपल्या वस्तीतून यंदा कोण तोडीला जात आहे, याची यादी घरी गेल्यावर आजच करावी, ही नम्र विनंती.