सशाच्या वाटेनं
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बल्लारपुरात पाहुणा आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'ताडोब्याची जिप्सी मिळेल का?' वाघ दिसला की पाहुणा खूश, नाही दिसला की नाराज. दोन्ही वेळा तो बसून जातो आणि बसूनच परततो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पायी बघण्यासारखं काही असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. त्याचं सोडा, इथं राहणाऱ्यांच्याही येत नाही. चालायचं ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, मैदानाला फेऱ्या मारत. किल्ले बघायचे तर सह्याद्रीत जावं, दम लागेस्तोवर चढावं, अशी आपली समजूत. आज मी बोलणार आहे ते सोप्या वाटांविषयी. चढ नाही, कडा नाही. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला जुना तट, आणि आजीला नातवाचा हात धरून जाता येईल अशी वाट.

सुरुवात आमच्या गावापासून करू. बल्लारपूर म्हटलं की लोकांना रेल्वेचं जंक्शन आठवतं, कोळशाची खाण आठवते, सागवानाचा डेपो आणि कागदाचा कारखाना आठवतो. पण या साऱ्याच्या कितीतरी आधीपासून इथं वर्धा नदीच्या काठावर गोंड राजांचा किल्ला उभा आहे. हिवाळ्यात फजरची नमाज झाली, चांगलं उजाडलं की मी त्या बाजूला निघतो. दगडी दरवाजातून आत जावं, पडक्या भिंतींमधून नदीकडच्या अंगाला यावं, की समोर वर्धेचं रुंद पात्र दिसतं. पलीकडचा मुलूख राजुऱ्याचा. 1948 पर्यंत तिकडे निजामाचं राज्य होतं. नदी ओलांडली की सरकार बदलायचं, नाणं बदलायचं. बोली मात्र दोन्ही काठांवर एकमेकींत मिसळलेल्या. मराठी, गोंडी, तेलुगू आणि आमच्या घरातली दखनी. माझी कविता मराठीत कशी, असं मला कुणी विचारलं की मी त्याला या काठावर यायला सांगतो.

हा किल्ला ज्याच्या नावाशी जोडला जातो तो पंधराव्या शतकातला राजा खांडक्या बल्लाळशाह. त्याची मूळ राजधानी सिरपूर, ते आज तेलंगणात आहे. राजाच्या अंगावर गाठी आणि फोड होते. कुठलाच इलाज चालेना. हवा बदलावी म्हणून राजधानी वर्धेच्या या काठावर आली आणि बल्लाळशाहाचं गाव ते बल्लारपूर झालं. पुढची कथा आमच्याकडे घरोघरी सांगतात. राजा एकदा शिकारीला निघाला. तहान लागली तेव्हा झरपट नदीच्या जवळजवळ कोरड्या पात्रात एका खळग्यात त्याला पाणी सापडलं. तो प्याला, त्यानं तोंड धुतलं, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. सकाळी राणीनं पाहिलं तर चेहऱ्यावरची सूज उतरलेली. त्या पाण्याच्या जागी अचलेश्वराचं देऊळ झालं. तिथंच राजाला आणखी एक नवल दिसलं. ससा पुढं पळण्याऐवजी त्याच्या कुत्र्याच्या मागं लागला होता. राणी म्हणाली, ही भूमी शूरांची आहे, इथं नगर वसवा. ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेनं तटाची आखणी झाली आणि चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, उभं राहिलं.

कथा ती कथाच. पण तट खराच आहे. बल्लारपूरहून पंधरा-सोळा किलोमीटरवर चंद्रपूर, आणि त्याला सुमारे 11 किलोमीटरचा परकोट. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर हे चार दरवाजे. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. त्यांची नावं ऐका. बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसण खिडकी. कोणत्या वाटेनं देवाला जायचं आणि कोणत्या वाटेनं शेवटचं जायचं, हे त्या नावांतच लिहिलेलं आहे. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे, ती गोंड राजांची खूण. एका अंगाला इरई नदी, दुसऱ्या अंगाला झरपट. एका दिवसात सगळं बघू नका. एका रविवारी एक दरवाजा, पुढच्या रविवारी दुसरा.

अचलेश्वर दरवाजापाशी आलात तर थोडा वेळ बसा. तिथं राजा बिरशाहाची समाधी आहे. ती त्याच्या राणीनं, हिराईनं बांधली. बादशहानं बेगमेसाठी बांधलेला महाल साऱ्या जगाला माहीत आहे. राणीनं राजासाठी बांधलेली ही समाधी बघायला मात्र आपण अर्धा तास काढत नाही. वर घुमट, खाली गोंड राजाची समाधी, शेजारी शंकराचं देऊळ. हिराईनंच महाकालीचं देऊळही मोठं केलं. हे सारं एका हाकेच्या अंतरात आहे. एकोप्यावर व्याख्यान देण्यापेक्षा मुलांना इथून एकदा चालवून आणावं.

त्याच दक्षिण अंगाला लालपेठमध्ये उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती आहेत. कुणा रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याला मोठं मंदिर बांधायचं होतं, ते राहून गेलं आणि मूर्ती तशाच राहिल्या, असं सांगतात. त्यातल्या अनेक तोंडांच्या सर्वांत मोठ्या मूर्तीला लोक रावण म्हणतात, अभ्यासक देवी म्हणतात. आपण दोघांचंही ऐकावं आणि मूर्तीसमोर उभं राहून बघावं.

आता थोडं कडू बोलतो. ज्या झरपटच्या पाण्यानं राजाचे फोड बरे झाले असं आपण अभिमानानं सांगतो, त्या झरपटमध्ये आज हात धुवायला जीव धजत नाही. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी ती भरलेली असते. चैत्रात महाकालीच्या यात्रेला नांदेडकडून, तेलंगणातून हजारो भाविक येतात. झरपटमध्ये स्नान करून देवीला जायची त्यांची रीत आहे. आपल्या भरवशावर आलेल्या पाहुण्यांना आपण कसलं पाणी देतो? इरईच्या काठी खाणीतल्या मातीचे डोंगर उभे राहिले आहेत. तटाचे दगड कुणाच्या पायात गेले, कुणाच्या ओसरीत गेले, बुरजांवर झाडं वाढली.

हे सारं झालं ते तिकडे कुणी फिरकत नव्हतं म्हणून. जिथं माणसाचा पाय पडत नाही तिथं कचरा पडतो. याची उलट बाजूही आपल्याच डोळ्यांसमोर घडली. 2017 च्या मार्चपासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी शेकडो दिवस खपून चंद्रपूरचा तट झाडाझुडपांतून मोकळा केला, आणि मग लोकांना त्या तटावरून फिरायला नेणं सुरू केलं. यातली दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच मोठी वाटते. साफ केलेली वाट पुन्हा बुजू द्यायची नसेल तर तिच्यावरून चालणारी माणसं हवीत. इंग्लंडमध्ये लोकांनी पिढ्यान्पिढ्या वापरलेल्या पायवाटेवर साऱ्यांचा हक्क कायद्यानं मानतात. लंडनमधून वाहणाऱ्या थेम्सच्या काठानं 1996 मध्ये अशी जवळजवळ 300 किलोमीटरची वाट खुली झाली. आपल्याला एवढं मोठं काही नको. आपापल्या गावाजवळचे दोन किलोमीटर पुरेत.

निघण्याआधी चार गोष्टी ध्यानात ठेवा. आमचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढं जातो, तेव्हा दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतच फिरा. पावसाळ्यात वर्धेचा भरवसा धरू नका. पूर आला की राजुऱ्याच्या रस्त्यावरचा पूलही पाण्याखाली जातो. वाघ या भागात केवळ ताडोब्यातच राहत नाही, म्हणून पुरतं उजाडल्यावर निघा, चौघं-पाचजण मिळून जा आणि झुडपात शिरू नका. पडक्या भिंतीवर चढू नका, तिच्यावर आपलं नाव तर मुळीच कोरू नका. पाण्याची बाटली न्याल ती परत आणा.

आणि शक्य झालं तर बरोबर एखादं पोर न्या. त्याला सशाची गोष्ट सांगा. ते नक्की विचारेल, 'मग ते पाणी कुठं आहे?' त्याला झरपटपर्यंत घेऊन जा आणि जे आहे ते बघू द्या. त्यानंतर ते जो प्रश्न विचारेल, त्याचं उत्तर तुम्हाला, मला आणि आपल्या नगरपालिकांना मिळून द्यायचं आहे.