क्रॉइत्सबेर्ग : भिंतीकाठची पेठ

भूगोलाच्या तासाला युरोपचा नकाशा टांगला म्हणजे बर्लिन शहर एका ठिपक्याएवढे दिसते. त्या ठिपक्याच्या पोटात किती संसार सामावले आहेत, हे नकाशा सांगत नाही. आज आपण त्या शहराच्या मध्यभागातील एकाच पेठेत हिंडून येऊ. तिचे नाव क्रॉइत्सबेर्ग.

या नावाचा अर्थ ‘क्रुसाची टेकडी’. माझ्यासारख्या ख्रिस्ती माणसास प्रथम वाटते की, तेथे एखादे पुरातन चर्च असावे. परंतु तसे नाही. नेपोलियनवरील विजयाचे स्मारक म्हणून वास्तुशिल्पज्ञ शिंकेल याने आखलेला लोखंडी मनोरा १८२१ साली तेथे उभा राहिला. त्याच्या शिखरावरील क्रूस प्रशियाच्या लष्करी पदकाचा आहे, प्रार्थनामंदिराचा नव्हे. टेकडीची उंची अवघी ६६ मीटर. पण सपाट बर्लिनमध्ये तेवढीही डोळ्यांत भरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्यांच्या आशेने माणसांचे लोंढे बर्लिनला आले. त्यांच्यासाठी जी घरे उठली, त्यांना लोक ‘भाड्याच्या बराकी’ म्हणत. रस्त्याच्या अंगाला बऱ्या स्थितीतील कुटुंबे; मागे एकामागून एक चौक, आणि त्या चौकांभोवती एकेका खोलीत कोंबलेले मजुरांचे संसार. १८५३ च्या नियमाप्रमाणे चौक निदान ५.३४ मीटर लांब-रुंद असला म्हणजे पुरे होई. आगीचा बंब तेथे वळावा, एवढाच त्या आकड्याचा हेतू; सूर्यप्रकाशाचा विचार त्यात नव्हता. मुंबईच्या चाळीत ज्यांनी दिवस काढले, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

पुढे युद्ध आले. ३ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात या पेठेचा मोठा भाग बेचिराख झाला. उरलेल्या भागाचे नशीब १३ ऑगस्ट १९६१ रोजी फिरले. त्या दिवशी बर्लिनचे दोन तुकडे करणारे कुंपण पडले, आणि त्याचीच पुढे भिंत झाली. कालपर्यंत शहराच्या मध्यावर असलेली ही पेठ एका रात्रीत शहराच्या टोकाला गेली. तिचा पूर्वभाग तर तीन बाजूंनी कोंडला. सेंट मायकेलचे कॅथलिक चर्च भिंतीच्या पूर्वेस राहिले, आणि त्या धर्मग्रामातील क्रॉइत्सबेर्गची कुटुंबे पश्चिमेस. ज्या वेदीपुढे आपला बाप्तिस्मा झाला, ती हाकेच्या अंतरावर असूनही परदेशात जावी, यापरते दुःख ते कोणते?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्थानाशी कामगार आणण्याचा करार केला. पश्चिम बर्लिनमध्ये आलेल्या तुर्की कुटुंबांपैकी पुष्कळांना घरे मिळाली ती इथलीच. कारण ती पाडावयाची ठरलेली होती. पेठेतून रुंद मोटार-महामार्ग नेण्याचा बेत होता, म्हणून मालक डागडुजी करीत नसत. पुढे १९७५ साली तर परदेशी माणसाने या विभागात नव्याने राहावयास येऊ नये, असा निर्बंधही निघाला.

मग रहिवासीच उभे राहिले. १९७० साली बंद पडलेले बेथानियन हे जुने रुग्णालय पाडू नये म्हणून लोक झगडले. आज तेथे कलाकेंद्र आहे. १९८० च्या सुमारास तरुण मंडळी ओस घरांत शिरून राहू लागली, पण रिकाम्या हातांनी नव्हे. छपरे नि खिडक्या दुरुस्त करीत. हार्ट-वाल्टहेर हेमर या वास्तुशिल्पज्ञाने नूतनीकरणाची बारा तत्त्वे मांडली, आणि १९८३ साली ती स्वीकारली गेली. त्यांतले पहिलेच तत्त्व असे की, पेठेची सुधारणा तिथल्या रहिवाशांना बरोबर घेऊन करावी. गोष्ट साधी, पण ती कळावयास किती घरे पडावी लागली!

त्याच सुमारास उस्मान कालिन नावाच्या तुर्की गृहस्थाची नजर भिंतीकडेच्या एका तिकोनी तुकड्यावर पडली. जागा पूर्व बर्लिनची. पण भिंत सरळ बांधल्यामुळे ती पश्चिमेच्या अंगाला उरली होती. त्याने केरकचरा काढून तेथे कांदे-लसूण लावले, आणि टाकाऊ लाकडाची झोपडी उभारली. पूर्वेचे पहारेकरी चौकशीस आले आणि अखेर परत गेले. १९८९ साली भिंत कोसळली, बाग राहिली. कालिन २०१८ साली वारला, पण त्याची झोपडी तेथे उभी आहे.

२००१ साली क्रॉइत्सबेर्ग नदीपलीकडच्या फ्रीड्रिक्सहाइनशी जोडला गेला. एके काळी पूर्व आणि पश्चिम म्हणून विभागलेल्या या दोन पेठांचा आता एकच कारभार चालतो. सुमारे २० चौरस किलोमीटरांत पावणेतीन लाखांहून अधिक माणसे राहतात. भिंत पडल्याने पेठ पुन्हा शहराच्या मध्यावर आली, आणि जागेला सोन्याचे मोल आले. ज्यांनी पडकी घरे सांभाळली, त्यांनाच आता भाडे परवडेनासे झाले आहे. २०१२ साली कॉटबुसर टोर या चौकात भाडेकरूंनी झोपडी बांधून निषेधाचे ठाणे मांडले. २०२१ साली मोठ्या घरमालक कंपन्यांची घरे सार्वजनिक मालकीची करावीत काय, असा कौल साऱ्या बर्लिनकडून घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक मते अनुकूल पडली. कौल सरकारवर बंधनकारक नव्हता.

श्रोतेहो, भिंत काँक्रीटची होती. ती दिसे, म्हणून जगाने तिच्याविरुद्ध आवाज उठविला. भाड्याची भिंत दिसत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेस ती एकेका बिऱ्हाडापुढे गुपचूप उभी राहते. क्रॉइत्सबेर्गचे लोक आज तिच्याशी झुंजत आहेत.