लाकडाला गाव असतं

आज वास्तुकलेची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

उद्यापासून तुम्ही नकाशांवर सह्या कराल. त्या सहीचा जंगलाशी काय संबंध असतो, तेवढंच मला आज सांगायचं आहे.

माझ्या सुरुवातीच्या कामांत तालुक्याच्या गावातली एक शाळा होती. दारांच्या तपशिलात मी फक्त ‘उत्तम प्रतीचं लाकूड’ असं लिहिलं. कुठलं, किती वाळलेलं, काहीच नाही. पहिल्याच पावसाळ्यात चौकटी फुगल्या, दारं लागेनात. पुढच्या वर्षी ती काढून लोखंडी दारं बसवावी लागली. काही वर्षांनी बल्लारशाच्या लाकूड आगारात गेलो, तेव्हा चूक नीट उमगली. तिथे लठ्ठ्यांवर क्रमांक आणि हातोड्याचे शिक्के होते, लांबी-गोलाई नोंदलेली होती. माल कोणत्या कूपातून, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या कोणत्या तुकड्यातून आला, हे नोंदवहीत होतं. लाकडाला गाव होतं; मी ते कधी विचारलंच नव्हतं.

जंगल वाचावं म्हणून केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरणं बंद केलं. हेतू चांगला होता, पण देशाची लाकडाची गरज काही संपली नाही. परदेशातून ओंडके येत राहिले. सागासाठी आपण ज्या म्यानमारवर विसंबलो होतो, त्याने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवली. बांधकाम विभागाची बंदी २०२० मध्ये उठली. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून गेला. विदर्भाच्या जंगलाचा हा मान आहे, आणि जबाबदारीही.

कारण तोडणं वेगळं आणि ओरबाडणं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये बजावलं, की मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड करायची नाही. कोणत्या कूपात कधी आणि किती तोड करायची, त्यानंतर तो किती वर्षं राखायचा, हे त्या आयोजनेत ठरतं. साग तोडला तरी बुंध्याला धुमारे फुटतात. रोपवनात दाटी झाली की विरळणी करावीच लागते. त्यातून निघतो तो बारीक, गाठींचा माल. आपण वास्तुरचनाकार मात्र रुंद, बिनगाठीच्या फळ्याच मागतो आणि सगळा भार जुन्या झाडांवर टाकतो.

म्हणून माझी तुमच्याकडे तीन मागण्या आहेत. तपशिलात लाकडाचं मूळ ठिकाण लिहा आणि वाहतूक परवाना पाहिल्याशिवाय माल उतरवून घेऊ नका. लाकूड किती वाळलेलं हवं ते आकड्यात लिहा आणि चौकट बसवण्याआधी ओलावा मोजा. आणि रचना अशी करा, की लहान मापाचं लाकूडही मानाने वापरलं जाईल. वर पुरेसा छज्जा द्या, खालचा भाग ओलीपासून उचलून घ्या. कोरड्या लाकडाचा जवळपास निम्मा भार कार्बनचा असतो. दार टिकेल तितकी वर्षं तो हवेत जात नाही. ज्या झाडाला वाढायला साठ वर्षं लागली, त्याचं दार निदान साठ वर्षं तरी टिकायला हवं.

आणखी एक. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये आपल्या बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला आणि बांबूचं उत्पन्न गावात येऊ लागलं. ज्यांच्या घरी जंगलाची मिळकत पोहोचते, ते त्याची राखण करतात. सार्वजनिक इमारत लोकांच्या पैशातून उभी राहते. त्यातला वाटा जंगलाशेजारच्या लोकांपर्यंत गेलाच पाहिजे.

तुम्ही शाळा बांधाल, दवाखाने, ग्रामपंचायती, न्यायालयं बांधाल. प्रत्येक वेळी सही करण्याआधी एकदा विचारा: हे लाकूड कुठल्या गावचं, आणि तिथे आज नवं झाड उभं आहे का? उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवा.