करीमचा दुसरा सीझन

(परभणी येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन, जुलै २०२१)



आजचा विषय कळल्यावर काही वडीलधाऱ्यांनी विचारलं, वेब सिरीजवर कसलं भाषण करता? शिक्षणावर बोला, आरक्षणावर बोला. त्यांचं म्हणणं रास्त आहे. पण गेल्या महिन्यात ४ जूनला ‘द फॅमिली मॅन’चा दुसरा सीझन आला आणि इथे बसलेल्या बहुतेक पोरांनी तो दोन रात्रींत संपवला. ज्या गोष्टीवर आपली पोरं दोन रात्री जागतात, तिच्यावर अर्धा तास बोलायला हरकत नसावी. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांची आधीच माफी मागतो, कारण गोष्ट सांगावी लागणार आहे.

आधी श्रेय देऊ. राज आणि डीके या जोडीने केलेली ही मालिका उत्तम बांधलेली आहे. मनोज वाजपेयींचा श्रीकांत तिवारी देश वाचवतो आणि घरी आल्यावर बायकोचं ऐकून घेतो, यातली गंमत कुणालाही आवडेल. मुसलमान म्हणजे दहशतवादी असा ढोबळ हिशेबही इथे नाही. पहिल्या सीझनमध्ये श्रीकांतच्या पथकात झोया आहे, कमांडोंचा प्रमुख इम्रान पाशा आहे. म्हणजे वर्दीतला मुसलमान आहे आणि कटातला मुसलमानही आहे. या दोघांच्या मधला मुसलमान कुठे आहे? नोकरी करणारा, भाजी विकणारा, परीक्षेला बसणारा, म्हणजे तुम्ही-आम्ही?

तो एकच आहे, करीम. कॉलेजात शिकणारा, सरकारवर चिडलेला, निषेधाचा बेत आखणारा पोरगा. पथकाला तो अतिरेकी वाटतो आणि गोळ्या घालून त्याला ठार केलं जातं. मागाहून कळतं की त्याच्याकडे शस्त्र नव्हतंच. मग खरी गोष्ट दाबली जाते. २०१९ साली एका लोकप्रिय मालिकेने एवढं दाखवलं, याचं मला मोल वाटतं.

पण दुसऱ्या सीझनमध्ये करीमचं काय झालं? कथा चेन्नईला गेली, श्रीलंकेच्या तमिळ बंडखोरांकडे गेली. करीम उरला तो नायकाच्या मनातल्या टोचणीपुरता. त्याच्या मरणाची चौकशी नाही, खटला नाही, कुणाची नोकरी गेली नाही. आणि मुंबईत श्रीकांतच्या मुलीशी गोड बोलून मैत्री करणारा कल्याण निघतो सलमान! नाव बदलून हिंदू मुलीला फसवणारा मुसलमान तरुण. ‘लव्ह जिहाद’ नावाने जी अफवा गावोगाव फिरवली जाते, तीच इथे कथेतली कलाटणी म्हणून वापरली आहे. एवढ्या हुशार लेखकांना दुसरी युक्ती सुचू नये, याचं मला नवल वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, करीम तर काल्पनिक आहे. मित्रांनो, आपण परभणीत बसलो आहोत. आपल्याकडे करीम काल्पनिक नाही.

ख्वाजा युनूस हे नाव इथल्या वडीलधाऱ्यांना सांगावं लागत नाही. पण तुमच्यापैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून सांगतो. परभणीचा हा मुलगा, वय २७, सॉफ्टवेअर इंजिनिअर, दुबईत नोकरीला. २ डिसेंबर २००२ला मुंबईत घाटकोपरला बसमध्ये स्फोट झाला. २५ डिसेंबरला चिखलदऱ्यात पोलिसांनी ख्वाजाला ताब्यात घेतलं. ६ जानेवारी २००३नंतर तो कुणालाच दिसला नाही. पोलिसांनी सांगितलं, औरंगाबादकडे नेत असताना पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला. त्याच्यासोबत अटकेत असलेल्या एका डॉक्टरने मात्र कोर्टात सांगितलं, मी त्याला कोठडीत मार खाताना पाहिलं, तो रक्ताची उलटी करत होता. पुढे सीआयडीने तपास केला. निष्कर्ष असा निघाला की तो पळालेला नव्हता, कोठडीतच मेला. त्याचा मृतदेह आजपर्यंत मिळालेला नाही. आणि ज्या खटल्यासाठी त्याला धरलं होतं, त्यातले आरोपी २००५ साली पोटा न्यायालयातून निर्दोष सुटले.

मालिकेच्या भाषेत सांगायचं तर इथे पहिला सीझन संपला. दुसरा त्याच्या आईने चालवला आणि त्यात पाठलाग नाही, फक्त तारखा आहेत. सीआयडीने चौदा पोलिसांची नावं दिली. सरकारने खटल्याला मंजुरी दिली फक्त चौघांविरुद्ध. हे चौघे २००४ मध्ये निलंबित झाले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आईला २० लाखांची भरपाई द्यायला लावली. २०१८ मध्ये सरकारी वकिलांनी आणखी चार अधिकाऱ्यांना आरोपी करा असा अर्ज दिला, तर त्या वकिलांनाच या खटल्यावरून दूर करण्यात आलं. जून २०२० मध्ये चौघांना पुन्हा नोकरीत घेतलं. त्यांतलेच एक सचिन वाझे. यंदा मार्चपासून टीव्हीवर तुम्ही त्यांचं नाव रोज ऐकलंत, ते दुसऱ्याच प्रकरणात, उद्योगपतीच्या घराजवळ सापडलेल्या स्फोटकांच्या गाडीच्या. त्यांना मे महिन्यात बडतर्फ केलं. ख्वाजाचा खटला अजून चालूच आहे. अठरा वर्षं झाली.

यावर सिरीज कोण काढेल? कुणी नाही, असं मला वाटतं. थ्रिलर बॉम्ब निकामी झाला की संपतो. बॉम्बशी ज्याचा संबंध नव्हता, त्याच्या घरचं पुढे काय झालं, ते दाखवायला त्याच्याकडे वेळ नसतो. या शहरात २१ नोव्हेंबर २००३ला, जुम्याच्या दिवशी, मोहम्मदिया मशिदीत स्फोट झाला, तो तरी कुठल्या मालिकेत आला? तिथे जखमी होणारे नमाजी होते. आपल्या थ्रिलरना असा मुसलमान कुठे बसवावा हेच कळत नाही.

मग काय करायचं? बंदी मागायची? ट्रेलर आला तेव्हा तमिळनाडूत वायको यांनी विरोध केला, राज्याच्या एका मंत्र्यांनी केंद्राला पत्र लिहून मालिका थांबवा म्हटलं. त्यांचा राग मी समजू शकतो, पण त्या वाटेने आपण जाऊ नये. आज आपण बंदी मागितली, तर उद्या ख्वाजावर कुणी फिल्म केलीच तर तिच्यावर बंदी मागणारे त्याच दारात आपल्याआधी उभे असतील. ‘तांडव’च्या वादानंतर हाच सीझन फेब्रुवारीतून पुढे ढकलला गेला, हे विसरू नका.

तेव्हा सिरीज जरूर बघा. तिच्यावर लिहा, मराठीत लिहा, कारण आपल्या शेजाऱ्यांनीही तीच सिरीज पाहिली आहे आणि सलमानचं नाव त्यांच्याही डोक्यात बसलं आहे. त्यांच्यासोबत बसून बोला. कॉलेजातल्या मित्राला विचारा, करीम आठवतो का? त्याला आठवेल. मग त्याला परभणीतल्या त्या घराबद्दल सांगा.

एक काम आज वाटून घेऊ. २०१२चा उच्च न्यायालयाचा आदेश इंग्रजीत आहे. इथे कायद्याचे तीन-चार विद्यार्थी बसलेले दिसतात. त्यांनी त्याचं सोप्या मराठीत आणि उर्दूत भाषांतर करावं. पुढच्या बैठकीत ते मोठ्याने वाचू, मग त्यावर बोलू. कोण घेतंय, हात वर करा.