यंत्राचे ज्ञान आणि त्याची अक्षरे



खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे मलप्रभेचे उगमस्थान. तेथून पूर्वेस वाहत जाऊन ती कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. त्याच परिसरातील कळसा नाला मात्र म्हादईस मिळून पश्चिम समुद्राची वाट धरतो. ही माहिती संगणकास अशा रीतीने सांगायची, की तिच्यावरून त्याने स्वतःच अनुमाने काढावीत. अशा तर्कबद्ध मांडणीस ‘ऑन्टॉलॉजी’ म्हणतात आणि ती ज्या भाषांत करतात, त्यांना वर्णनतर्क.

या भाषांच्या चढत्या पायऱ्या आहेत. आपली मांडणी कोणत्या पायरीवर आहे, हे विधानांच्या संख्येवरून नव्हे, तर त्यांच्या घडणीवरून ठरते. ‘समुद्रास न पोहोचणारा प्रवाह तो अंतर्वाही,’ यात नकार आला. मलप्रभा कृष्णेस पोहोचते, कृष्णा समुद्रास. म्हणून मलप्रभाही समुद्रास पोहोचते, यात संबंधाची साखळी आली. नकार आणि साखळी ज्या भाषेत आहेत, तिचे अक्षर ‘एस’. ‘मिळणे’ हा ‘पोहोचण्या’चाच एक प्रकार, म्हणून ‘एच’. ‘मिळणे’ उलट बाजूने वाचले, म्हणून ‘आय’. प्रवाह एकालाच मिळतो, म्हणून ‘एफ’. प्रोटेजेसारखी प्रणाली सारी विधाने चाळून ही अक्षरे आपणांस दाखविते.

ही अक्षरे म्हणजे यंत्राच्या श्रमाचे माप होय. ‘कणकुंबीस उगम पावणारे प्रवाह’ असा वर्ग एका विशिष्ट गावाच्या आधारे बांधला, की ‘ओ’ जोडला जातो आणि कठीणात कठीण प्रसंगी लागणारे कष्ट एक पायरी वर चढतात. उलट नकार, उलटे वाचन आणि मोजदाद टाळणाऱ्या ‘ई-एल’ भाषेत ते आवाक्यात राहतात. लाखो वैद्यकीय संज्ञांचा स्नोमेड कोश याच जातीचा आहे. म्हणून गरजेपुरतेच बोलावे, हा येथील पहिला शहाणपणा.

तथापि अक्षरे सत्याची ग्वाही देत नाहीत. कळशाचे पाणी मलप्रभेत वळविण्याच्या वादावर लवादाने २०१८ साली निवाडा दिला. ‘कळसा मलप्रभेसही मिळतो’ एवढेच कोणी लिहिले, तर ‘एफ’च्या नियमाने यंत्र निमूटपणे म्हणेल, म्हादई आणि मलप्रभा एकच! त्या भिन्न आहेत असे आधी सांगितले असेल, तर ते विसंगती दाखवील. अक्षरे दोन्ही वेळी तीच राहतील. भाषेचे बळ यंत्र मोजील. नियम भूमीशी जुळतो की नाही, हे मात्र माणसानेच पाहिले पाहिजे.